पाणी घोट्यापासून चढत आलं

आईने मला वाकून शिकवलं. शब्दशः वाकून. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात दर आषाढात दुसऱ्यांच्या बांद्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांत, ती पोटरीभर चिखलात उभी राहून धानाची रोवणी करायची. घरात आल्यावर बोटं इतकी आखडलेली असायची की भाकर मला तोडून द्यावी लागायची. तरी एक वर्षही मला शाळेतून काढलं नाही. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट — बी.एस्सी., बी.एड. हे अभिमानाने लिहिते आहे, कुणाला खटकलं तर खटको.

आणखी एक सांगते. आमच्याकडे देव्हारा नाही. आजोबांनी छप्पनच्या दीक्षेनंतर घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. भूतबाधा, उतारा, अंगात येणं... असलं काही आमच्या घरात कुणी मानलं नाही. मीही नाही. म्हणूनच हे लिहायला मला तीन वर्षं लागली.

सव्विसाव्या वर्षी माझे सांधे धरायला लागले. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला, गोळ्या दिल्या. पण हवा बदलली की गोळ्यांचं काही चालायचं नाही. पाऊस यायच्या आधी घोटे, गुडघे, मनगटं, सगळं एकदम ठणकायचं. एकदा हापशीवर हंडा उचलता येईना म्हणून मी सहज बोलून गेले, "पाणी आंगात येऊन राह्यला वाट्टे."

मला म्हणायचं होतं, पावसाची हवा अंगात भरली. संध्याकाळी धो धो आला. आणि गावाने त्यातले दोनच शब्द उचलले — अंगात येणं.

मग सुरूच झालं. रोवणीच्या बायांची म्होरकी शेवंताबाई रस्त्यात हटकायची, "काऊन मास्तरीण, आज येते का आंगात? मले पऱ्हे उपटाचे हायेत!" पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, ती उपटायला पाऊस लागतो. बाया हसायच्या. एकदा मात्र ती हसली नाही. जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुह्या आज्यानं देव नदीत टाकले ना. म्हणून नदी येते तुह्या आंगात."

त्या दिवसापासून मी दुखणं लपवायला लागले. लंगडायचं नाही, कण्हायचं नाही, गोळ्या डब्यात लपवायच्या. आईलाही सांगायचं नाही.

तो रविवार होता. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात दर रविवारी ग्रंथवाचन असतं, वाचायला मीच. विहार नदीच्या अलीकडे, उंचावर. खाली रपटा, म्हणजे पाण्याच्या जेमतेम वरून जाणारा बुटका पूल. रपट्याच्या पलीकडे नदी आणि नाल्याच्या बेचक्यात धानाच्या बांद्या. शेवंताबाईच्या टोळीसोबत आई सकाळीच तिकडे गेली होती. आकाश निळंशार, आठ दिवसांत थेंब नाही. बांद्यांना मोटारीचं पाणी दिलेलं.

अकराला वाचायला बसले. पहिल्याच पानाला घोट्यांत कळ आली. फक्त घोट्यांत. आणि गार... नेहमीचं दुखणं गरम असतं, सांधा हाताला तापलेला लागतो. हे गार होतं. दोन पानांनी घोट्यांचं तसंच राहिलं आणि पोटऱ्यांच्या बाजूने काहीतरी वर सरकत गुडघ्यांवर आलं. मग मांड्या. मग कंबर. पाण्यात पाय टाकत पुढे पुढे जावं, अगदी तसं. मी वाचत राहिले. थांबले असते तर बायांनी तेच दोन शब्द उच्चारले असते.

पुढच्या ओळीत ‘वेदना’ हा शब्द आला आणि माझा आवाजच बसला.

विमलाबाई समोर बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या, आमच्याकडून त्रिशरण-पंचशील म्हणवून घेणाऱ्या. त्यांनी सरळ विचारलं, "बाई, कुठवर आली?"

काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. म्हटलं, "कमरेवर."

"मंग लपवते काऊन? बुद्धानं वेदनेले पाहा म्हटलं, झाका नाई म्हटलं. दुखते तं दुखते म्हन. त्यात लाज कायची?"

मी डोळे मिटून पहिल्यांदाच त्या दुखण्याकडे नीट पाहिलं. ते बरगड्यांवर चढत होतं. आणि मला दिसलं — दिसलं म्हणजे काय ते मला आजही सांगता येत नाही — की ही उंची माझ्या अंगाची नाहीच. ही कुठल्या तरी पाण्याची आहे. आणि आई पलीकडे आहे.

मी ग्रंथ विमलाबाईंच्या हातात दिला आणि निघाले. लंगडत, सगळ्यांसमोर.

रपटा कोरडा होता. खालून पाणी नेहमीसारखं जात होतं, पण आवाज नव्हता. बगळेही नव्हते. बांदीवर पोचेपर्यंत कळ छातीवर आली होती.

"माय, चाला! सगळ्या चाला, पूर येऊन राह्यला!"

आईने मान वर केली. "पोरी, आभाय पाह्य ना. अर्धी बांदी राह्यली आमची."

"कोनं सांगतलं तुले?" शेवंताबाईने कमरेवर हात ठेवले. "का आलं आंगात?"

बाया खो खो हसल्या. हवेचा दाब, संधिवात, वेदना... यातलं काहीही मी सांगितलं असतं तरी त्या हलल्या नसत्या. हे मला तेव्हाच कळलं. मी आंबेडकरी घरातली, सायन्सची मास्तरीण, भर बांदीत उभी राहून म्हणाले, "हो. आलं."

हसणं तुटलं. शेवंताबाईने हातातली पऱ्ह्यांची जुडी तिथेच टाकली.  बाया एकामागे एक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढल्या आणि चालायला लागल्या.

रपट्याच्या अलीकडच्या टोकाशी मी उभी राहून त्यांना पुढे काढत होते. कळ खांद्यांवर आली, मग गळ्यावर. श्वास जाईना. तोंडात चिखलाची चव. आई सगळ्यांत शेवटी, विळा विसरला म्हणून मागे फिरलेली. मला हाकही मारता येईना... तिचा पाय अलीकडच्या काठाला लागला आणि गळ्यावरचा हात कुणी काढून घ्यावा तसं सगळं एकदम गेलं. त्यानंतर आवाज आला. तांबडं पाणी, त्यात अख्खी झाडं. आम्ही पाहत असतानाच रपटा दिसेनासा झाला. आमच्या डोक्यावर ऊन होतं.

वर डोंगरात रात्रभर कोसळला होता, हे नंतर कळलं.

संध्याकाळी मी विमलाबाईंकडे गेले. म्हटलं, "माझ्याकडून शील मोडलं. मी आंगात आलं म्हणून सांगितलं."

"खोटं बोलली का?"

"तेच मले समजत नाई."

 त्या म्हणाल्या, "मंग तेही पाह्य. घाई नाई."

पाणी उतरल्यावर आई मला त्या बांदीवर घेऊन गेली. धुऱ्यावरच्या मोहाच्या खोडावर गाळाची रेघ होती. आईने मला खोडाला पाठ लावून उभं केलं. रेघ माझ्या गळ्यावर आली. माझ्यापेक्षा आई चार बोटं बुटकी आहे.

डॉक्टर म्हणतात, हवेचा दाब बदलला की सांध्यांना कळतं. मान्य. मीच ते मुलांना शिकवते. पण दाबाला घोट्यापासून गळ्यापर्यंतचा क्रम कसा कळला? गाळाची रेघ आधी कशी कळली?  नदीतल्या देवांचं शेवंताबाईचं उत्तर मला मान्य नाही, आणि दुसरं मला सापडलेलं नाही. तसं दुखणं पुन्हा कधी आलं नाही. नेहमीचं येतं, गरम, सगळीकडे एकदम.

त्या दिवशी गेलेल्या सगळ्या बाया घरी आल्या. आई आजही रोवणीला जाते, ऐकत नाही. आणि मी यंदा शाळेत अर्ज दिला, वर्ग तळमजल्यावर मागितला. कारणाच्या जागी स्वच्छ अक्षरात ‘संधिवात’ लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने सही केली.