पियानोतल्या अक्षता
झेंडूचा वास आला की मला आमच्या पियानोच्या अडकलेल्या पट्ट्या आठवतात. इथे श्रूजबरीतच राहणाऱ्या एका जर्मन काकांनी तो घडवला होता; तरुणपणी अमेरिकेत आलेले हे गृहस्थ घरामागच्या शेडमध्ये एकट्याने पियानो करायचे आणि आमचा त्यांनी केलेला शेवटचा. तो घरी आल्यावरचा पहिलाच दसरा, म्हणून मी हौसेने त्याला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली आणि सवयीने चिमूटभर अक्षताही टाकल्या. संध्याकाळी लेक वाजवायला बसली आणि ओरडली, “आई, टू कीज आर स्टक!” मी लगेच काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी काका आले, एकेक पट्टी उचलून त्यांनी सतरंजीवर ओळीने मांडली, आणि लाकडाचा, पट्ट्यांखालच्या लोकरीचा वास खोलीभर पसरला. तळाशी कुंकवाने लाल झालेले तांदूळ होते. “हे काय?” त्यांनी विचारलं. मी ओशाळून म्हटलं, “सॉरी काका, दसऱ्याला आम्ही वाद्यांची, हत्यारांची पूजा करतो.” काकांनी ते दाणे तळहातावर घेऊन निरखले. मग पिशवीतून त्यांनी सूर जुळवायची किल्ली काढली, जर्मनीहून येताना आणलेली, मूठ झिजून गुळगुळीत झालेली, आणि माझ्यापुढे धरली. “हिलाही लावा, प्लीज.” मी मुठीवर कुंकवाचं बोट टेकवलं. पुढे काका वारल्यावर त्यांच्या मुलीने ती किल्ली आमच्याकडे आणून दिली. आता दसऱ्याला अक्षता मी वाटीतच ठेवते. कुंकू मात्र मुठीवरच्या त्याच जुन्या डागावर लावते, जो त्यांनी कधीच पुसला नव्हता.