केळ्याचं पथ्य

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. वहिनी रडत नव्हती. "ये रे लवकर," एवढंच म्हणाली... आणि मी फाइल हातात धरून नुसता उभा राहिलो.

अंतोनदादा माझा थोरला भाऊ. मी फुलपाड्याला फ्लॅट घेतला. तो गावी, गिरीजच्या केळीच्या वाडीतच रमला. ओटीवर कायम एक घड टांगलेला. त्यातलं पहिलं पिकलेलं केळं तो मार्थावहिनीच्या हातावर ठेवणार, मगच बाकीच्यांना! पुढेपुढे बसल्याजागी त्याचा चेहरा लालबुंद व्हायला लागला, पोट सारखं बिघडायचं. दारूला कधी शिवला नाही, तरी गावात कुजबुज, "सकाळीच घेतली वाटतं!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तो हसायचा, "बोलू दे रे, फुकटची नशा!"

डॉक्टरांना पोटात गाठ असल्याचा संशय होता. अशी गाठ एक संप्रेरक सोडते, शरीरात ते मोडलं की त्याचा अंश लघवीत उतरतो, तो मोजायचा. दिवसरात्रीची लघवी कॅनमध्ये जमवायची आणि आधीपासून केळं बंद, कारण केळ्यानंही आकडा फुगतो. "बाकी काहीही सोडायला सांगा हो," दादा काकुळतीला आला. पण पथ्य पाळलं.

रिपोर्ट वाईट आला. वहिनी मटकन खालीच बसली. तेव्हा दादाने कान पकडले, "चुकलो गं मार्था. ओटीवरच्या घडातलं एक खाल्लं मी." काय भांडली ती! भांडताभांडता हसायलाच लागली. तपासणी पुन्हा करायची ठरली. मधल्या आठवड्यात त्यांच्या लेकीचा साखरपुडा होता. वहिनी मनसोक्त नाचली. दादाला बाजूला घेऊन मी विचारलं, "खरंच खाल्लंस?"

"नाही रे. पण एवढा साखरपुडा तरी तिला सुखाने करू दे."

दुसरा रिपोर्टही तसाच आला. गाठ यकृतापर्यंत गेली होती. वर्षही काढलं नाही त्याने.

परवा चर्चमधल्या दादाच्या महिन्याच्या मिस्सेनंतर आम्ही ओटीवर बसलो होतो. मला राहवेना. "वहिनी, दादाने तेव्हा केळं खाल्लंच नव्हतं गं."

"ठाऊक आहे. घड हिरवागार होता. आणि पहिलं केळं मला न देता तो खाईल होय?"

"मग भांडलीस कशाला?"

तिने वर घडाकडे पाहिलं. "त्यालाही साखरपुडा सुखाने करायचा होता ना रे..."

वर टांगलेल्या घडात एक केळं पिवळं झालं होतं. ते तिने तोडलं नाही, आणि माझाही हात वर गेला नाही.