वैशाखातला शिवडा

उन्हाळ्यात सकाळी दहानंतर आमच्या आत्याबाई मासा विकायच्या नाहीत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सोलापूरच्या बाजारात त्यांची पाटी होती आणि तोंड असं, की गिऱ्हाईक भाव करायला भ्यायचं. भीमेवरून पहाटे निघालेला मासा ओल्या पोत्याखाली यायचा. पण आमचं ऊन काय सांगावं, बघता बघता तो मऊ पडायचा. उरलेला आत्याबाई सरळ फेकून द्यायच्या. कुणी हळहळलं की त्याच्या अंगावर जायच्या. त्याला कारण होतं. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिनं दुपारचा मासा खाल्ला आणि पोटातल्या जिवासकट गेली.

दुष्काळ सरल्यावरच्या उन्हाळ्यात परदेशाच्या मदतीनं कसलीशी योजना आली आणि एक गोरी बाई बाजारात उभी राहिली. तिचं बोलणं मराठीत सांगायला मत्स्य खात्याचे साहेब होते. तिनं लाकडी पेटी आणली, आत दुसरी पेटी, मधे आपल्याच गिरणीतला टाकाऊ कापूस ठासलेला. मासा साफ करून धुवायचा आणि बर्फाच्या थरांत ठेवायचा.

"बर्फातला मासा म्हंजी शिळा मासा," आत्याबाई फिसकन हसल्या. "शेंबडं पोरबी सांगंल की!"

खरं सांगते, मलाही रागच आला होता. आम्ही जन्माचे भोई, आणि ही आम्हाला मासा शिकवणार!

त्याच आठवड्यात शेजारची चाची आली. तिची लेक दिवस भरत आले म्हणून माहेरी आलेली. सकाळभर ओकाऱ्या, पोटात काही ठरलंच तर संध्याकाळी, आणि मागायची फक्त मासा. पोर वाळून काडी झाली होती. "दे ना गे मावशी," चाची रडायला आली. आत्याबाई म्हणाल्या, "सांजंचा मासा? न्हाय म्हंजी न्हाय." पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक ताजा शिवडा मासा बाईच्या पेटीत ठेवला. संध्याकाळी काढला, दाबला, हुंगला, परत हुंगला. घरी कालवण केलं आणि आम्हाला दरडावलं, "आदी मी खाणार. कुणी हात लावायचा न्हाय."

बाई आणि साहेब दारातच होते. साहेबांनी तिला सगळं सांगितलं, आत्याबाईंच्या गेलेल्या लेकीचंही. तिनं चपला काढल्या, आत्याबाईंसमोर बसकण मारली आणि त्यांच्याच ताटातला तुकडा उचलला.

"अगं ए बया, मरशील की!"

तिनं खाल्ला. तिखटानं डोळ्यांतून धारा लागल्या, तरी खात राहिली. देव तिचं भलं करो, तिचे उपकार आमच्यानं फिटायचे नाहीत.

दोघींना काही झालं नाही. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचीकडे पेटीतल्याच माशाचं कालवण झाकून गेलं. पोरीनं काटे चोखून खाल्लं. आत्याबाई तिथून उठेनात, ओढून आणल्या. सकाळी पुन्हा धावल्या. पोर दारात केस विंचरत बसली होती. हसून म्हणाली, "आज भी लाना, नानी."

आत्याबाई तशाच बाजारात आल्या. बाई पेटीत बर्फ भरत होती. तिचे गारठलेले हात त्यांनी आपल्या पदरात घेतले आणि साहेबांना म्हणाल्या, "इचारा हिला, आदी का आली न्हाईस म्हणावं. माजी लेक होती तवा."