पुढच्या वर्षांचे फ्रॉक

ती शिवणकाम करायची, आणि मापात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. अशा बाईने स्वतःच्या लेकीच्या फ्रॉकात घोटाळा करावा, आणि तोही परदेशी निघायला आठवडा उरलेला असताना, म्हणजे कमालच.

नवऱ्याच्या माघारी तिने मशीनवर घर चालवलं होतं. आता परदेशातल्या शिवणाच्या कारखान्यात दोन वर्षांची नोकरी मिळाली होती. नऊ वर्षांची लेक मावशीकडे राहणार होती. पोरीचा पाय घरात ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

निघण्याआधी तिने लेकीसाठी तीन फ्रॉक शिवायला घेतले. एक आत्ताचा, एक पुढच्या वर्षीचा, एक त्याच्याही पुढच्या वर्षीचा. मशीन चालू असताना भिंगरी पायाशी बसून तोच हट्ट धरायची, "आई, तिकडचा दिवस सांग ना."

"सकाळी खिडकीपाशी बसून चहा पिणार. गरम! 'झालं का शिवून?' म्हणत कुणी दारात उभं राहणार नाही. मग काम. साहेब ठार बहिरा, त्यामुळे गप्पा भरपूर. संध्याकाळी बागेतून चालत खोलीवर. फोन लावला की समोर तू, नवा फ्रॉक घातलेली, पडलेला दात दाखवत हसणारी."

"रोज?"

"रोज. अगदी अश्शी."

तिसरा फ्रॉक झाला तेव्हा भिंगरीने तो घालून पाहिला. बाह्यांत हात हरवले, घेर जमिनीला टेकला. तेवढ्यात मावशी आली आणि पोट धरून हसली. मग तिने फ्रॉक नीट न्याहाळला.

"अगं, लांबी वाढवलीस, बाह्या वाढवल्यास. छातीला जागा कुठे आहे? दोन वर्षांनी ही काय एवढीशीच पोर असणार? जगाच्या मुलींचे कपडे शिवतेस आणि हे सुचलं नाही तुला?"

भिंगरीने लाजून तोंड लपवलं. आई मात्र फ्रॉककडे बघतच राहिली. तिने वाढत्या मुलीचा फ्रॉक शिवलाच नव्हता, आत्ताच्याच पोरीचा मोठा करून ठेवला होता. विसरली म्हणावं तर तसंही नाही. तिला लेक मोठी व्हायला नको होती, निदान आपल्या पाठीमागे तरी.

"ताई, मी नाही जात," ती म्हणाली.

"वेड लागलंय का तुला?"

भिंगरीने बाहीतून कसाबसा हात बाहेर काढला. "पण आई, तू इथे असलीस तरी मी मोठी होणारच ना?"

आईने तो फ्रॉक तिच्या अंगातून काढला आणि उसवायला घेतला. कापड घडी करून आपल्या बॅगेत ठेवलं आणि मापाची टेप लेकीच्या हातात दिली.

"पोट आत ओढायचं नाही. श्वास रोखायचा नाही. मावशी माप घेईल, तू मला कळवायचं. हा मी तिकडे शिवीन."

"मग आता तिकडचा दिवस बदलला?"

"थोडासा. संध्याकाळी खोलीवर आले की फोन करीन, आणि मग तुझा फ्रॉक घेऊन बसेन."

"आणि फोनवर मी कशी दिसत असेन?"



"ते मला नाही गं माहीत," आई म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच लेकीसमोर मोकळेपणी रडली.