मुसकं नाही, मलमलचं फडकं: लोणखेडा ते नंदुरबारचा दवाखाना

मी माझ्या लेकीच्या तोंडाला बैलासारखं मुसकं बांधलं, असं माझ्या विहीणबाई प्रकाशा गावच्या घाटावर सांगत फिरतात. त्या तिथं नव्हत्या, मी होते. रामराम नंतर घालते, आधी कशी गेले ते वाचा. दोन यत्ता शिकले आहे. अक्षर वाकडं असेल, हकीकत सरळ आहे.

लेक जनी बाळंत होऊन महिना झाला नि तिला ताप-खोकला भरला. जावयानं तिला नंदुरबारच्या दवाखान्यात ठेवलं. विहीणबाईंना रडणं सोसत नाही म्हणे, म्हणून बाळ माझ्याकडे लोणखेड्याला आलं. ते शेळीचं दूध ओकायचं. चार दिवसांत त्याचा आवाज मांजराच्या पिलाएवढा झाला. आईचं दूध मिळालं तरच जगेल, हे मला दिसत होतं. नवऱ्याच्या जुन्या मलमलच्या पागोट्यात त्याला गुंडाळलं नि शेजारच्या नथूला गाडी जुंपायला लावली.

प्रकाशापर्यंत रस्ता बरा आहे, धूळ फार. तापीला पाणी होतं.

"काकू, गाडी आठेच ठेवनी पडी. बैल घाबरतीन," नथू म्हणाला.

गाडी अलीकडेच सोडून नावेनं पलीकडे गेलो, तिथून छकडा केला. जाणाऱ्यांनी भाकरी अलीकडेच देवळाच्या ओट्यावर खाऊन घ्यावी, पलीकडे सावली नाही. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी नंदुरबारला पोचलो.

दवाखान्याच्या दारात नर्सबाई उभी, नाकातोंडावर पांढरी पट्टी. मला प्लेगचं साल आठवलं. मी नवी नवरी होते; नाकाला रुमाल लावून साहेब आला तर आम्ही शेतात पळालो. पुढं मोठ्या तापाच्या साली कुणी काही बांधलं नाही. सगळे एका खोलीत खोकत बसलो. नवरा नि दीर एका आठवड्यात गेले.

"आजी, बाळ आत न्यायचं नाही," नर्सबाई म्हणाली.

"मंग काय वट्यावर मरू देऊ त्याले?"

"आईनं तोंड बांधलं तर पाजू देईन. फडकं चार पदरी हवं, रोज उकळून उन्हात वाळवलेलं. आमच्याकडे एकच शिल्लक आहे."

ते एक घेतलं. जनीनं बांधून पाजलं. बाळ असं लागलं की सोडेना.

बाकीची फडकी मी पागोट्यातून कापली. नवरा जिवंतपणी कुणाच्या उपयोगी पडला नाही, आता पडला. आवारातल्या चुलीवर उकळली. जनीसाठी भाताची पेज केलीच होती, तिची खळही दिली. पागोट्याला जन्मभर दिली, हात तसाच गेला. उन्हात फडकी पापडासारखी कडक झाली.

सकाळी जनीनं त्यातलं एक बांधलं नि पाजता पाजता ओढून फेकलं.

"माय, मन्हा दम कोंडाई ऱ्हायना!"

नि थेट बाळाच्या तोंडावर खोकली. नर्सबाईनं बाळ उचललं.

"खळ कोणी घातली?"

"मी घाली. बिनखळनं मलमल कोन वापरस?"

"यातून श्वास जातो का? बांधून बघा."

बांधलं. दहा अंक मोजेपर्यंत डोळे बाहेर आले. तीन पाण्यांत खळ काढली, पुन्हा उकळली. तोवर बाळ रडत राहिलं, नि हे माझ्यामुळं, हे मी लिहून ठेवते. दुपारी मऊ फडकं बांधून जनीनं पाजलं. पुढचे बारा दिवस मी फडकी उकळायचं तेच काम केलं. बाळाला ताप आला नाही.

जाणाऱ्या बायांनी धुतलेलं जुनं मलमल न्यावं, उकळायला वेगळं पातेलं न्यावं. खळ देऊ नये.

आता जनी माझ्या घरी आहे, बाळ रांगतं. उरलेली दोन फडकी खुंटीला आहेत. घरात कुणी खोकलं की काढते. बैलाला मुसकं घालतात ते त्यानं खाऊ नये म्हणून. हे फडकं बाळाला खायला मिळावं म्हणून होतं. यावर काय म्हणायचं ते विहीणबाईंनी माझ्या दारात येऊन, त्याच नातवाला मांडीवर घेऊन म्हणावं. जावयानं मध्ये बोलायचं नाही.