तिकिटं न मिळण्याची पाटी

कॅशियरबाईंना गप्प बसा म्हणणं सोपं. गप्प बसून त्यांनी केलेले उद्योग निस्तरणं महाकठीण. पण मॅनेजरसाहेब नवे होते, आणि नियमांचे भारी कडक. त्यांना कोण सांगणार?

बाईंची लेक दहा वर्षांची, चाकांच्या खुर्चीतली. रोज सकाळी बाई तिला पाठुंगळी घेऊन शाळेचे दोन जिने चढायच्या आणि धापा टाकत बँकेत यायच्या. आता कंबर बोंब मारायला लागली होती आणि पुढचा वर्ग भरणार होता तिसऱ्या मजल्यावर. शाळेने लिफ्टचे पैसे उभे करायला तिकिटं छापून सोडत ठेवली. ती फसली असती तर पोर घरी बसली असती, एवढं सरळ होतं.

बाईंनी काउंटरवर तिकिटांचा गठ्ठा ठेवला मात्र, साहेब धावतच आले. "अहो बाई! बँकेला लॉटरीची तिकिटं विकता येत नाहीत. जाहिरातही करता येत नाही. शाळेसाठी असली तरी नाही!"

"बरं," बाई म्हणाल्या. इतक्या गरीब आवाजात, की शेजारचा कारकून दचकला.

गठ्ठा समोरच्या शिंप्याकडे गेला. शिंपी म्हणजे बाईंचा धाकटा दीर. दुकानात माश्या मारत बसलेला. लोक मात्र बाईंच्या काउंटरवरच तिकिटं मागत राहिले. साहेब वैतागले. "इथे मिळत नाहीत म्हणून एकदाची पाटी लावा हो!"

बाईंनी लगेच लिहिली, चांगली ठळक. "शाळेच्या लिफ्टसाठीच्या सोडतीची तिकिटं या बँकेत मिळत नाहीत. ती फक्त समोरच्या शिंप्याकडे मिळतात. पहिल्या बक्षिसाच्या सायकलीशीही बँकेचा काडीचा संबंध नाही." साहेबांनी "मिळत नाहीत" एवढंच वाचून झोकात सही ठोकली.

शिंप्याकडे ही गर्दी! "वहिनी, सुईत दोरा ओवायला फुरसत नाही हो!" दीर रस्त्यापलीकडून ओरडला.

मग वरून तपासनीस आले. पाटी वाचून साहेबांना म्हणाले, "ही जाहिरात नाही तर काय आहे?" साहेबांचा चेहरा पडला. "बाई, आत्ताच्या आत्ता काढा ती!"

"काढते की," बाई म्हणाल्या. "तिकिटं कालच संपली."

लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी बाई सवयीने लेकीपुढे पाठ करून वाकल्या. "आई, ऊठ ना, सगळे बघतायत," म्हणत लेक आपली आपण लिफ्टमध्ये शिरली. बाई मागोमाग निघाल्या, तर म्हणते कशी, "तू नको. जा तू बँकेत."

दार बंद झालं. बाईंना आनंद झाला, आणि मेलं रडूही आलं. पदर खोचून त्या जिन्याने धावत सुटल्या. तिसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा लेक कधीच वर्गात गेली होती.