झाडाचा झोका

दोन हजार बावीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा. तो माझ्या अंगणात आला आणि रामराम करायच्या आधी झाडाला तळहात लावून, डोळे मिटून उभा राहिला. मी मनात म्हटलं, सोंगाड्या दिसतो.

मुरबाडकडच्या एका पाड्यावरचा माणूस. शेणव्याच्या बाजारात तुमच्यापैकी कोणी त्याला पाहिलाही असेल. चिखलात रुतलेला टेम्पो ढकलून चारजण दमले, की हा एकटा पुढे व्हायचा. टेम्पो पुढे झुकला की हात द्यायचा, मागे आला की हात काढायचा. पुढे-मागे, पुढे-मागे, आणि टेम्पो बाहेर. लोक वाहवा करत. मी म्हणे, ड्रायव्हरनं ॲक्सिलेटर दाबला असणार.

पावसाळ्यात माझ्या अंगणातलं शिरीषाचं झाड मुळाशी हललं आणि घराकडे कललं. खाली कौलं, आणि कौलांखाली आमची म्हातारी, माझी बायको. अंगावरून वारं गेल्यापासून ती खाटेवरच. दिवाळी झाली तरी झाड तसंच. मग याला धाडला माझ्या चुलतभावानं. बांधाच्या भांडणापासून आम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही. त्यानं धाडलेला माणूस झाड कुठे पाडणार, हे मला कोणी शिकवायला नको.

"काय घेशील?" मी विचारलं.

"बघू, बाबा."

बघू म्हणणाऱ्या माणसाचं मला भय वाटतं.

मी ट्रॅक्टर सांगून ठेवला होता. तो मान हलवून म्हणाला, "एका हिसक्यात दोर तुटंल. मंग झाड जाईल त्याच्या मनानं. ताकद झाडाची, बाबा, येळ आपली. आजीला तेवढी भाईर घ्या."

"का? तुझा तुझ्यावर भरवसा नाय?"

"माझ्यावर हाय. वाऱ्यावर नाय."

खाट बाहेर काढली, लांब नेऊन ठेवली. त्यानं शेंड्याला दोर बांधला, घराच्या उलट, शेताच्या अंगाला बुंध्यात खाच घेतली, मागून थोडं कापलं, आणि शेतात लांब उभं करून दोराचं टोक माझ्याही हातात दिलं. मी ओळखलं. घरावर पडलं तर म्हणायला बरं, म्हाताऱ्यानंच ओढलं.

"थांबा," तो म्हणे. "येऊ दे त्याला. आता."

झाड आमच्याकडे झुकलं की ओढायचं, परत निघालं की दोर सैल सोडायचा. आधी शेंडा बोटभर हलला. मग वीतभर. मला धीर निघेना, मी आधीच हिसडा दिला. झाड थरथरलं आणि जागच्या जागी थांबलं.

"झालं," तो म्हणाला. "पयल्यापासून."

"मग नीट सांगत जा."

"सांगतोय तर. तुमी आयकता कुटं."

खाटेवरून म्हातारी हसली. तोंड वाकडं झाल्यापासून ती हसायची नाही.

पुन्हा वीतभर, मग हातभर. मग दोर आपोआप सैल झाला, त्यानं मला दंडाला धरून बाजूला ओढलं, आणि झाड शेतात आडवं झालं. जमीन हलली. कौल एकही सरकलं नाही.

आम्ही खाट आत घेतली. मी चहाचं सांगेपर्यंत तो निघून गेला होता. दोर मात्र बुंध्यावर तसाच.

"मुद्दाम ठेवलाय," मी म्हातारीला म्हटलं. "परत यायला निमित्त."

"तुमचा कंदी कुनावर इस्वास बसला?" ती म्हणाली. "सोतावर तरी बसला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं मी दोर घेऊन त्याच्या पाड्यावर गेलो. म्हटलं, निमित्तच नको. सगळ्या घरांना कड्या. एका ओट्यावर एक आंधळी म्हातारी बसलेली. मी त्याचं नाव घेतलं.

"समदी काल सकालीच गेली वीटभट्टीवर, वाशिंदच्या अंगाला," ती म्हणाली. "मुकादम गाडी घेऊन आलता. यो येकला गाडीत नाय बसला. म्हनला, कुना म्हातारीवर झाड कललंय, तेवढं पाडतो नि येतो. रातीला आला, नि आता बसलाय चालत."

"कधी निघाला?"

"आत्ताच की रं. सापगावच्या वाटंनं."

मी दोर पुन्हा खांद्यावर टाकला आणि त्या वाटेला लागलो.